डोळ्याच्या टोकाकडून

खोक्यावर ५२५ हा आकडा चार बोटं उंच छापलेला होता. ७० मिलिमीटर हा आकडा त्याच खोक्याच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत. दुर्बिणीची खरी ताकद त्या बारक्या आकड्यात असते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण मी शाळेत मुलांना भिंगं शिकवतो. तरीही मी ५२५ ला भुललो आणि पगारातून वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले.

५२५ चं गणित चुकीचं नाही. भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला डोळ्याकडची ४ मिलिमीटरची आयपीस लावली की १७५ पट होतात, मध्ये तिप्पट करणारी बार्लोची नळी खोचली की ५२५. पण भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट एवढंच ते भिंग पेलतं. म्हणजे ७० ला १४०. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं, काळवंडतं, त्यात नवीन काही येत नाही. शिवाय ५२५ पटीला आभाळाचा जो तुकडा दिसतो तो एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे गुरू त्या तुकड्यातून वीस-बावीस सेकंदांत बाहेर पडतो.

पहिल्याच रात्री वर्गातली पंधरा मुलं स्लॅबवर आली होती. मी गुरू पकडायचो, बाजूला व्हायचो, मूल डोळा लावायचं, तोवर गुरू गेलेला. तिपाईचे पाय ॲल्युमिनियमचे, काडीसारखे. कुणी स्लॅबवर नुसतं चाललं तरी सगळं आभाळ थरथरायचं. "सर, काहीच दिसून नाही राह्यलं." असं म्हणून एका मुलीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावून पाहिलं आणि गप्प बाजूला झाली. तिला वाटलं, दोष तिच्या डोळ्यात आहे. ४ मिलिमीटरच्या त्या आयपीसचं छिद्र टाचणीच्या डोक्याएवढं, त्याला पापणी टेकवल्याशिवाय काही दिसत नाही, आणि चष्मा असला तर डोळा तिथवर पोचतच नाही. हे तिला सांगायला मला त्या क्षणी सुचलं नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती मुलगी शिकून नोकरीला लागली. मला मात्र तिचं ते चष्मा पुसणं अजून सलतं.

तेव्हापासून दुर्बिणींच्या तुलना वाचताना माझा जीव घुसमटतो. सगळ्या तुलना पुढच्या टोकापासून सुरू होतात. भिंग की आरसा, व्यास किती, काचेवर लेप कोणता, रंगदोष किती. हे सगळं महत्त्वाचं आहे, मी ते शिकवतोसुद्धा. पण दुर्बिणीला दुसरंही टोक असतं, आणि तिथं माणूस असतो. त्या माणसाला वाकता येतं का, त्याला चष्मा आहे का, तो ती नळी जिन्यातून वर नेऊ शकतो का, पावसाळ्याचे चार महिने ती ठेवायला त्याच्याकडे कोरडी जागा आहे का, हे कुणी विचारत नाही. मी या टोकाकडून चार दुर्बिणी वापरल्या आहेत. माझी तक्रार तिथूनच आहे.

भिंगाच्या दुर्बिणीचं, म्हणजे रिफ्रॅक्टरचं, आधी चांगलं सांगतो. नळी दोन्हीकडून बंद, त्यामुळे आमच्या खाणपट्ट्यातली काळी धूळ आत जात नाही. जुळवाजुळव काही नाही. दोन मिनिटांत चंद्रावरची विवरं समोर. चंद्राच्या आणि शुक्राच्या कडेला जांभळी किनार येते, कारण एकाच भिंगातून सगळे रंग एकाच जागी एकत्र येत नाहीत. सतराव्या शतकात हा दोष दाबायला हेवेलियसनं १५० फूट लांबीची दुर्बीण उभारली होती. माझी तक्रार त्या किनारीबद्दल नाही, ती मला गोडच वाटते.

तक्रार अक्षांशाची आहे. आमचं गाव सावनेर २१ अंश २३ मिनिटांवर. सूर्य आणि ग्रह ज्या वाटेनं जातात तिचा उत्तरेकडचा सर्वांत वरचा भाग २३ अंशांच्या जरा पुढे. म्हणजे ग्रह वृषभ-मिथुनेत आला की तो आमच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. २०२४ च्या डिसेंबरात गुरू वृषभेत होता, २०२६ च्या जानेवारीत मिथुनेत. दोन्ही वेळा मध्यरात्रीच्या सुमारास तो इथे माथ्यावर होता. युरोपात बसून ज्यांनी या तिपाया बेतल्या, त्यांच्या डोक्यावर गुरू कधी येत नाही. रिफ्रॅक्टरमध्ये डोळा लावायची जागा नळीच्या खालच्या टोकाला. नळी सरळ वर केली की ती जागा गुडघ्याच्या खाली जाते आणि नळी तिपाईच्या पायाला अडते. गुरू सर्वांत स्वच्छ दिसायचा तो क्षण, आणि नेमका त्याच क्षणी माणसानं फरशीवर लोळायचं. ही दुर्बीण घेतली तेव्हा माझी आई पासष्टीची होती. दोन्ही गुडघे धरलेले. तिनं एकदा प्रयत्न केला, मग म्हणाली, "मले नाही वाकता येत बाप्पा. तूच पाह्य अन् सांग मले." मी सांगितलं. पट्टे सांगितले, चार चंद्र सांगितले. पण गॅलिलिओनं १६१० मध्ये जे चार ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ते माझ्या आईनं पोराच्या तोंडून ऐकावे, हे मला मान्य नाही.

दुसरी दुर्बीण आरशाची घेतली, ११४ मिलिमीटरची, विषुववृत्तीय माउंटवर. त्या माउंटचा एक दांडा ध्रुवाकडे रोखायचा असतो, म्हणजे मग एकच चकती हळूहळू फिरवून तारा नजरेत धरून ठेवता येतो. कल्पना सुंदर आहे. पण दांड्याचा कल गावाच्या अक्षांशाइतका ठेवावा लागतो. आमच्यासाठी २१ अंश, म्हणजे दांडा जवळपास आडवाच. इतका आडवा केला की तोलासाठी लावलेलं वजन तिपाईच्या पायावर आपटतं. चाळीस-पन्नास अंशांवरच्या माणसांना ही अडचण कळणारच नाही. आणि ध्रुव तरी कुठे दिसतो? २१ अंश म्हणजे हात लांब करून ताणलेली एक वीत. शेजारच्या घरावरची पाण्याची टाकी तेवढ्याच उंचीवर आहे. टाकीच्या मागे ध्रुव असणार, एवढ्यावर मी दोन हिवाळे काढले.

बरोबर तेवढ्याच उंचीवर, पण दक्षिणेला, मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी येतो. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल थवा, आभाळातला सर्वांत देखणा. लंडनमधून तो क्षितिजावर कधी येतच नाही, आमच्याकडे वीतभर वर येतो. हे आमचं धन आहे. पण आमच्या दक्षिणेला नागपूरचा उजेड, आणि गल्लीत नवे पांढरे दिवे लागल्यापासून तो थवा एखाद्या पुसट डागासारखा दिसतो. उत्तरेला टाकी, दक्षिणेला उजेड. दुर्बिणीच्या कुठल्याही माहितीपत्रकात या दोन गोष्टींचा उल्लेख नसतो.

त्या ११४ च्या दुर्बिणीत आणखी एक खोट होती. नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेलं, पण नळी त्याच्या निम्मी. उरलेलं अंतर फोकसरच्या नळीत आतच बसवलेल्या एका लहान भिंगानं ओढून काढलेलं असतं. ते भिंग काढता येत नाही आणि ते असेपर्यंत आरसे नीट सरळ रेषेत लावणं महाकठीण. आरशाच्या दुर्बिणीत आरसे जुळवणं, ज्याला सगळे कॉलिमेशन म्हणतात, ही पाच मिनिटांत शिकायची गोष्ट आहे. स्क्रू थोडा फिरवायचा, प्रतिबिंब मधोमध आणायचं. पण नवशिक्याला दिलेल्या दुर्बिणीतच ते जमू नये अशी रचना करायची, आणि मग त्यानं स्वतःलाच अडाणी समजायचं, हा अन्याय आहे. मी महिनाभर दर रविवारी स्क्रू फिरवले. शनी शेवटपर्यंत पिठाच्या गोळ्यासारखाच राहिला.

तिसरी एका मित्राची होती, नोकरीच्या बदलीमुळे तो वर्षभर माझ्याकडे ठेवून गेला. १२७ मिलिमीटरची मॅकसुटोव्ह. पुढे जाड वाकडी काच, मागे आरसा, प्रकाश आतल्या आत घड्या घालून १५०० मिलिमीटरचं अंतर एका हातभर नळीत मावतं. शाळेच्या दप्तरात बसते, स्कूटीवर जाते. ग्रहांसाठी इतकी नेटकी दुसरी दुर्बीण मी पाहिली नाही. शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची काळी फट मला पहिल्यांदा तिनंच दाखवली, आणि त्याबद्दल मी तिचा कायम ऋणी आहे.

पण तिला हिवाळा सोसत नाही. घरातल्या उबेतून जानेवारीच्या स्लॅबवर आणली की ती बंद नळी आणि ती जाड काच निवायला तास लागतो. तोवर तारे उकळत असतात. निवली की काचेवर दव बसतं. कोलार नदीकडून गारवा येतो त्या रात्री तर अर्ध्या तासात समोर पांढरा पडदा. मग खालून वायर ओढून केस वाळवायचं यंत्र लावायचं, म्हणजे काच पुन्हा तापली, पुन्हा निववा. शिवाय तिच्यातून एका वेळी जेमतेम एक अंश आभाळ दिसतं. कृत्तिकांचा पुंजका त्यात पुरता मावत नाही. कृत्तिका आजीनं बोट दाखवून शिकवलेल्या असतात. त्या तुकड्या-तुकड्यानं दाखवल्या तर बघणाऱ्याला ओळखूच येत नाहीत.

तिच्या माउंटला संगणक होता. तारा स्वतः शोधून देणारा. तो सुरुवातीला तारीख विचारतो, आणि त्याला महिना आधी हवा, दिवस नंतर. पाच मार्च मी आपल्या सवयीनं भरला की यंत्राला तो तीन मे वाटायचा आणि सगळं आभाळ चार हात सरकलेलं. गावांच्या यादीत सावनेर नाही, म्हणून अक्षांश-रेखांश हातानं भरायचे. आठ सेल एका थंड रात्रीत संपायचे. हे सगळं करून झाल्यावर दहावीतल्या एका मुलानं नुसत्या बोटानं रोहिणी दाखवली, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

चौथी मी केली. करायला लागण्याचं कारण जॉन डॉबसन. हा माणूस १९१५ मध्ये बीजिंगला जन्मला, अमेरिकेत वाढला आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी झाला. रामकृष्ण परंपरेच्या त्या मठात राहून तो टाकाऊ काचा घासून आरसे करायचा आणि रात्री दुर्बीण ढकलत रस्त्यावर न्यायचा. त्यापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढे फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आभाळ दाखवणं हेच त्यानं आयुष्यभर केलं. २०१४ मध्ये तो गेला. त्याची रचना अशी: पुठ्ठ्याची नळी, खाली प्लायवूडची पेटी, सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे. दांडा नाही, वजन नाही, ध्रुव शोधणं नाही. हातानं ढकलली की लोण्यासारखी सरकते, सोडली की तिथेच थांबते. मला या रचनेचा आदर वाटतो तो एवढ्यासाठी की ती दुसऱ्या टोकाकडून, बघणाऱ्या माणसाकडून, सुचलेली आहे.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत हौशी लोकांना आरसा घासायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. तिथं शिकलेल्या एकानं मला शिकवलं. १५० मिलिमीटरच्या दोन काचेच्या चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, एक चकती दुसरीवर घासत राहायची. खालची बहिर्वक्र होत जाते, वरची अंतर्वक्र. पूड ८० नंबरपासून बारीक करत न्यायची, शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडनं झिलई. १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणजे व्यासाच्या आठपट, एफ/८. एवढ्या लांब नाभीय अंतराच्या आरशाला गोल पृष्ठ आणि अन्वस्त पृष्ठ यातला फरक इतका सूक्ष्म राहतो की नवशिक्याचा नुसता गोल आरसाही चांगलं चित्र देतो. ही माहिती दर नवशिक्याला पहिल्या दिवशी दिली पाहिजे. लोक आखूड नळीच्या मोहात एफ/५ घासायला घेतात आणि अर्ध्यावर सोडतात.

१५० मिलिमीटरचा आरसा ७० च्या भिंगापेक्षा साडेचार पट प्रकाश गोळा करतो, तेही वर्गाच्या साध्या नियमानं. जानेवारीच्या शेवटी रात्री साडेनऊला मृग दक्षिणेला उंच असतो. २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी याच सावनेरात गेले, त्यामुळे ती तारीख आमच्या गावाला पाठ आहे, आणि माझ्या डोक्यात ती मृगाच्या तेजोमेघाशी बांधली गेली आहे. त्या रात्री मी दुर्बीण काढतोच. ७० मधून तो मेघ म्हणजे श्वास सोडलेली काच; १५० मधून पंख दिसतात, आणि मधोमध चार ताऱ्यांचा चौकोन.

मोठा व्यास म्हणजेच सगळं, असंही मी म्हणणार नाही. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या विदर्भातून गेलं. धामणगाव आणि पुलगावच्या मधल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोल मंडळींनी तळ टाकला होता. तिथं ॲनी माँडर यांनी स्वतः बेतलेल्या, अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळातला इतका लांब किरण टिपला की तेवढा तोवर कुणाच्याच चित्रात आला नव्हता. काय टिपायचं ते त्यांनी आधी ठरवलं आणि मग भिंग निवडलं. सावनेरहून तळणी काही फार लांब नाही, आणि तरी हे आमच्या मुलांना कुठल्याच धड्यात भेटत नाही, हीही माझी एक तक्रार.

डॉबसनच्या रचनेत उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. नळी सव्वा मीटरची. मी आणि माझा भाचा दोघं मिळून ती जिन्यातून नेतो, वळणावर दर वेळी भिंतीचा चुना निघतो. बरोबर माथ्यावर रोखली की ती गोल फिरवायला जोर लावायचा कुठे, तेच कळत नाही. गुरू तिथंच असतो. तोंड उघडं, म्हणून आरशावर धूळ बसते. ती पुसायची नसते, डिस्टिल्ड पाणी ओतून वाहू द्यायची असते. एका पाहुण्यानं प्रेमानं रुमालानं आरसा पुसला, तो ओरखडा आजही आहे. पावसाळ्यात प्लाय फुगते आणि सनमायकाची कड उचलते. जूनपासून चार महिने आयपीस डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्या लागतात, नाहीतर काचेवर बुरशीची कोळिष्टकं धरतात, आणि ती काचेचा लेप खातात. एक चांगली आयपीस मी अशी गमावली. कोरड्या देशांतून आलेल्या पुस्तकांत बुरशीला एक ओळ मिळते.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आमच्याच जिल्ह्यात. ज्या अंधाराला लोक लडाखला जातात तो आम्हाला दारात मिळाला, याचा मला झालेला आनंद सांगता येणार नाही. पण तिथं जायचं तर माझी सव्वा मीटरची नळी दुचाकीवर जात नाही, आणि स्कूटीवर जाणारी मॅकसुटोव्ह तिच्या मालकाकडे परत गेली. म्हणून मी १०० मिलिमीटरचा एक लहान आरसा आखूड नळीत बसवतो आहे, मांडीवर घेऊन बसता येईल असा.

लोक विचारतात, "सर, कुठलोक दिसते याच्यातून?" हा प्रश्न मला आवडतो. देवयानीतली दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे आणि पेंचच्या अंधारात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, तेव्हा अंतर हे माप नव्हे, असं मी सांगतो. कुणी चंद्रावरचा झेंडा मागतं. तो दिसायला २०० मीटर व्यासाचा आरसा लागेल, माझ्या आरशाला चंद्रावरचा दीड किलोमीटरचा खड्डा दिसतो, हेही सांगतो. लोक ऐकतात. नीट सांगितलं तर कुणी निराश होत नाही.

उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारतो. ते झोपण्यासाठी असतं, पण तापलेल्या सिमेंटमधून वर येणाऱ्या हवेचं उकळणंही त्यानं कमी होतं आणि प्रतिमा स्थिर होते. मग बाजा टाकायच्या, आणि बाजूला दुर्बीण. एफ/८ च्या या नळीत, रोख माथ्यावर असला की, आयपीस सव्वा मीटर उंचीवर येते, खाली क्षितिजाकडे वळवली की पाऊण मीटरवर. उभ्या माणसाला हे ठेंगणं पडतं, खुर्चीवरच्या माणसाला कधी बरोबर, कधी उंच. आई आता पंचाहत्तरीची. खुर्चीवर दोन उशा, मग तीन, मग मान दुखली, मग "राहू दे न."

म्हणून गेल्या आठवड्यात त्याच सुतारदादांकडे गेलो, ज्यांनी दुर्बिणीची पेटी केली होती.

"उंची किती ठेवू, सर?"

"एक नको, दादा. बसायची फळी वर-खाली झाली पाहिजे. पाच खाचा करा."

त्यांनी थोडा विचार केला. "बसणार कोण हायेत?"

मी सांगितलं. संध्याकाळी ते टेप घेऊन घरी आले, आईला खुर्चीवर ताठ बसवलं आणि फरशीपासून तिच्या डोळ्यापर्यंतचं माप घेतलं. पहिली खाच तिथून मोजून धरणार आहेत.